एक लिंबाचं झाड, एक शिंपी, एक लिंबाळी: पक्षी आणि फुलपाखराची तुलना घरबसल्या कशी करायची

मागच्या पावसाळ्यात शेजारची आठवीतली पोरगी वही घेऊन आली, म्हणे काका, प्रोजेक्ट दिलाय, गाणारा पक्षी आणि फुलपाखरू यांची तुलना करा. वहीत आधीच लिहून झालेलं होतं: पक्ष्याला दोन पाय, फुलपाखराला सहा. पक्ष्याला पिसं, फुलपाखराला खवले. शेवटी "दोघेही निसर्गाची शोभा वाढवतात". म्हटलं, अगं हे तर तू खिडकीतून बाहेर न बघताच लिहिलंस की. तर ती म्हणाली, "बाहेर काय हाय काका, सोलापुरात? नुस्तं ऊन."

त्यावर तिला आमच्या अंगणातल्या लिंबाखाली उभं केलं. कागदी लिंबाचं साधं झाड, माझ्यापेक्षा थोडं उंच, बाजूला जास्वंद आणि कंपाउंडला लागून देशी बदाम. पुढचे दोन महिने तिने आणि मी मिळून जे केलं तेच इथे सविस्तर लिहितोय, म्हणजे कुणाला घरी, शाळेत किंवा फ्लॅटच्या गॅलरीत करायचं असेल तर जमेल. खर्च जवळजवळ शून्य. सकाळी लवकर उठावं लागतं एवढंच, आणि तेच अवघड आहे.

पायरी १: जोडी अशी निवडा की दोघं एकाच जागी भेटतील

बहुतेक जण इथेच चुकतात. मोर घेतात आणि नीलवंत घेतात, का तर एक राष्ट्रीय पक्षी आणि दुसरं २०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू. छान आहे, पण मोर गाणाऱ्या पक्ष्यांत मोडतच नाही, आणि नीलवंत बघायला सोलापूरच्या कोरड्या हवेत किती दिवस बसणार? जे रोज दिसत नाही त्याची तुलना म्हणजे इंटरनेटवरून उतरवलेली माहिती, दुसरं काही नाही.

आम्ही घेतले शिंपी आणि लिंबाळी. शिंपी म्हणजे पानं शिवणारा तो इवलासा हिरवट पक्षी, शास्त्रीय नाव ऑर्थोटोमस सुटोरियस. गंमत म्हणजे लॅटिनमध्ये सुटोर म्हणजे चांभार, जोडे शिवणारा, म्हणजे आपण त्याला शिंपी म्हणतो आणि शास्त्रज्ञांनी चांभार केलाय. लिंबाळी म्हणजे पॅपिलिओ डेमोलियस, काळ्यावर फिक्या पिवळ्या ठिपक्यांचं मोठं फुलपाखरू, ज्याच्या अळ्या लिंबाची पानं खातात. शिंपी त्याच झाडावर किडे-अळ्या शोधत फिरतो. म्हणजे एक झाड धरलं की दोघं आले, आणि एकमेकांशी त्यांचा संबंधसुद्धा आला.

"गाणारा पक्षी" याचा अर्थ गोड गाणारा असा नाही हे आधी समजून घ्या. तो पक्ष्यांचा एक शास्त्रीय गट आहे, आवाजाचा अवयव विशेष विकसित असलेल्यांचा, आणि त्यात कावळासुद्धा येतो! शिंपी काही दयाळ पक्ष्यासारखा गात नाही, पण त्याचा टुविट-टुविट-टुविट आवाज एवढा मोठा असतो की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं कुठलातरी मोठा पक्षी लपलाय. आणि वजन किती, तर ६ ते १० ग्रॅम. पाच रुपयांचं एक नाणं हातात घ्या, साधारण तेवढंच.

पायरी २: झाड आणि सामान

लिंब नसेल तर कढीपत्ता चालतो, कुंडीतला सुद्धा. बेलावर पण लिंबाळी अंडी घालते, त्यामुळे देवळाच्या आवारातला बेल बघायला हरकत नाही. नर्सरीतून नवीन रोप आणणार असाल तर औषध मारलेलं आहे का ते विचारा, कारण काही औषधं रसातून पूर्ण झाडात जातात आणि पानं खाल्ली की अळ्या मरतात. आम्ही एकदा कौतुकाने कढीपत्ता आणला, अंडी आली, अळ्या निघाल्या आणि चार दिवसांत सगळ्या खाली. तेव्हा कळलं नाही, नंतर कळलं.

सामान: वही, पेन्सिल, पट्टी, मोबाईल, रंगीत सुताचे तुकडे. दुर्बीण असली तर ८ बाय ४० ची पुरे, नसली तरी अडत नाही कारण शिंपी माणसाला फार घाबरत नाही. सुताचे तुकडे कशाला ते पुढे येईल. सोलापुरात सूत शोधायला लांब जावं लागत नाही, पूर्व भागात कुणीतरी ओळखीचं यंत्रमागावर असतंच.

पायरी ३: वेळ ठरवा, आणि ती दोघांची वेगळी असते

शिंपी उजाडल्यापासून साधारण साडेआठपर्यंत जोरात असतो. लिंबाळी तेव्हा झोपेतच असते म्हणा, कारण तिला आधी ऊन लागतं. सकाळी पंख पसरून उन्हात बसते, अंग तापलं की मग उडते. म्हणजे तुलनेतला पहिला मुद्दा तुम्हाला घड्याळानेच दिला: पक्षी स्वतःची उष्णता आतून तयार करतो, शरीराचं तापमान चाळीसच्या आसपास कायम ठेवतो, फुलपाखरू ती सूर्याकडून उसनी घेतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ ला जातो तेव्हा हे उलट फिरतं. तेव्हा शिंपी चोच उघडी टाकून सावलीत धापा टाकत बसलेला दिसेल आणि लिंबाळीसुद्धा भर दुपारी उन्हातून बाजूला झालेली असते. उन्हाने दोघांनाही सोडलेलं नाही, आपल्यासारखंच.

म्हणून वेळ दोनदा: ७ ते ७:३० पक्षी, १० ते १०:३० फुलपाखरू. रोज जमत नसेल तर आठवड्यातून तीन दिवस, पण वेळ तीच ठेवा, नाहीतर आकडे एकमेकांशी लावता येत नाहीत.

महिना म्हणाल तर जून ते ऑक्टोबर सगळ्यात बरा. पाऊस पडला की लिंबाला नवी पालवी फुटते आणि लिंबाळीला अंडी घालायला कोवळं पानच लागतं, जुनं निबर पान ती नाकारते. शिंप्याची वीण पण याच काळात जोरात असते. ज्यांना दिवाळीनंतर वेळ मिळतो त्यांनी ५ ते १२ नोव्हेंबरच्या पक्षी सप्ताहात सुरू करायला हरकत नाही. ५ तारीख वन्यजीव लेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, आणि ते सोलापूरचेच, १२ तारीख पक्षीतज्ज्ञ सलीम अलींचा. फक्त थंडीत फुलपाखराचं सगळं सावकाश होतं हे लक्षात ठेवा.

पायरी ४: ओळख पक्की करा

शिंपी: कपाळ-डोकं विटकरी, पाठ हिरवट, पोट मळकट पांढरं, शेपटी कायम वर उभी. ओरडताना गळ्याच्या दोन्ही बाजूला काळपट डाग उघडे पडतात, तेवढ्यापुरतेच, मग परत झाकले जातात. विणीच्या दिवसात नराची शेपटी लांब दिसते. घोटाळा होतो तो राखी वटवट्याशी, तो पण तेवढाच, शेपटी हलवणारा, पण त्याचं डोकं राखाडी आणि पोट तांबूस-पिवळसर. आणि हो, वटवट्यासुद्धा कधीकधी पानं शिवतो, त्यामुळे नुसतं शिवलेलं पान बघून "शिंपी" असं लिहू नका, पक्षी बघा.

लिंबाळी: पंख पसरल्यावर ८ ते १० सेंटिमीटर, मागच्या पंखाला शेपटी नाही, आतल्या कोपऱ्यात विटेसारखा लाल डाग. फुलावर बसली तरी पंख फडफडत ठेवते, म्हणून फोटो हलतात, त्यात तुमच्या मोबाईलचा दोष नाही. लिंबावर कॉमन मॉर्मन नावाच्या फुलपाखराच्या अळ्या पण असतात आणि लहानपणी दोन्ही सारख्याच दिसतात, तेव्हा खात्री फुलपाखरू बाहेर पडल्यावरच करा. तोपर्यंत वहीत "बहुतेक" लिहायला लाजू नका.

पायरी ५: अंडी शोधा, पण दोघांकडे वेगळ्या पद्धतीने

लिंबाळीचं सोपं आहे. मादी पालवीभोवती घुटमळते, पानाला पायांनी स्पर्श करते. पायांनीच ती चव घेते, हेच आपलं झाड का ते तपासते. मग पोट वाकवून एक अंडं चिकटवते आणि पुढे जाते. मोहरीपेक्षा लहान, फिकट पिवळं, गोल. एका जागी एकच. त्या डहाळीला रंगीत सुताचा तुकडा सैल बांधा आणि वहीत नंबर द्या: लाल १, निळं २ असं. हे केलं नाही तर तिसऱ्या दिवशी कुठलं अंडं कुठलं काही कळत नाही, स्वानुभव आहे.

शिंप्याचं घरटं मात्र शोधायला जाऊ नका, ते सापडू द्या. पक्षी चोचीत काहीतरी घेऊन एकाच दिशेने परत परत जाताना दिसला की लांबूनच जागेचा अंदाज घ्या. घरटं बऱ्याचदा माणसाच्या उंचीच्या आतच असतं, जास्वंद, बदाम, पेरू, मोठ्या पानाचं काहीही. लिंबाचं पान लहान पडतं. आमच्याकडे त्याने बदामाचं एक पान दुमडून नळकांडं केलं होतं आणि आम्ही आठ दिवस त्याच्या शेजारून कपडे वाळत घालत होतो तरी कळलं नाही.

घरट्यापासून किमान पाच मीटर. पान वर करून बघायचं नाही, फांदी कापून "फोटोला जागा" करायची नाही, रोज जायचं नाही, कारण तुम्ही जिथे थांबता तिथे कावळा बघत असतो आणि मांजर तर नक्कीच. अंडी-घरटी मोडणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे ते वेगळंच. आत किती अंडी आहेत हे समजलं नाही तर नाही समजलं. सहसा ३-४ असतात.

पायरी ६: धागा बघा

माझ्या मते या अख्ख्या तुलनेत सगळ्यात भारी मुद्दा हाच आहे आणि पुस्तकी तक्त्यात तो कधीच येत नाही. दोघांनाही धागा लागतो!

शिंपी पानाच्या कडेला चोचीने बारीक भोकं पाडतो, त्यातून कोळ्याचं जाळं, झाडाचा तंतू, कापूस असं काहीही ओवतो. आपण शिवतो तसा एक सलग दोरा नसतो त्याचा, प्रत्येक टाका सुटा, आणि गाठ पण नसते. तंतूचं टोक बाहेरच्या बाजूला पिंजारून फुगतं आणि भोकातच अडकून बसतं, रिव्हेटसारखं. पिल्लं उडून गेल्यावर रिकामं घरटं वाऱ्याने खाली पडलं तेव्हा आम्ही ते नीट बघितलं, आत कापसाची गादी आणि टाक्यांत चक्क पांढरं मिलचं सूत. आमच्या ओळखीचे एक मामा तीस वर्षं मागावर होते, त्यांनी हातात घेतलं, भिंगातून बघितलं आणि म्हणाले, "टाका बारीक हाय बे याचा, पण ताणा नाही, बाणा नाही, हे टिकतंय कसं?" जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेली चादर विणणाऱ्या गावात पक्ष्याला असं सर्टिफिकेट मिळणं म्हणजे काही कमी नाही.

आता अळी. तिच्या तोंडाखाली रेशीम सोडणारी ग्रंथी असते. पूर्ण वाढ झाली की ती एक जागा ठरवते, तिथे रेशमाची छोटी गादी करते, शेपटीकडचं टोक त्यात रोवते आणि मग कमरेभोवती एक रेशमी पट्टा बांधून घेते, विजेच्या खांबावर चढलेला वायरमन कमरेला पट्टा लावून मागे रेलतो ना, अगदी तसं. त्या पट्ट्यावर कोष पुढचे आठ-दहा दिवस लटकतो, वारा आला, पाऊस आला तरी.

वहीत लिहा: धागा कुठून आला (बाहेरून वेचला की अंगातून निघाला), कुणासाठी वापरला (पिल्लांसाठी की स्वतःसाठी), किती वेळ लागला. पक्षी धागा गोळा करतो आणि दुसऱ्यासाठी शिवतो, अळी स्वतःच बनवते आणि स्वतःलाच बांधते. पोरीने हे वाक्य स्वतः काढलं, मी सांगितलं नव्हतं.

पायरी ७: अंड्यापासून पंखांपर्यंत दिवस मोजा

आकडे लिहायला लागलो तेव्हा मीच चाट पडलो. शिंप्याचं अंडं उबवायला साधारण १२ दिवस, पिल्लू घरट्यात साधारण १४ दिवस, म्हणजे सव्वीसेक दिवसांत उडालं. लिंबाळीचं अंडं ३-४ दिवसांत फुटतं, अळी दोन ते तीन आठवडे खाते, कोष ८-१० दिवस, म्हणजे उबदार हवेत महिनाभरात तीही उडाली. थंडीत हेच दोन महिन्यांपर्यंत ताणतं. शिंप्याचं असं ताणत नाही, कारण अंडी आईबाप उबवतात, हवा नाही उबवत.

महिना तोच, पण खर्च बघा कसा वेगळा. शिंप्याची जोडी तीन-चार पिल्लांसाठी दिवसभर राबते. आम्ही अर्ध्या तासात दोघांच्या मिळून किती फेऱ्या होतात ते मोजत होतो आणि पोरगी वहीत रेघा मारून मारून दमली. लिंबाळी अंडं चिकटवून जाते ती परत फिरकत नाही, खायचं काय ते पानच बघून घेईल असा हिशोब, म्हणून ती भरपूर अंडी वेगवेगळ्या पानांवर विखरून ठेवते. आमच्या खुणा केलेल्या ११ अंड्यांपैकी कोषापर्यंत पोचल्या २, आणि त्यातलं एक फुलपाखरू झालं. दुसऱ्या कोषाला बारीक भोक पडलं आणि आतून छोटी गांधीलमाशीसारखी किडी निघाली. पोरगी रडवेली झाली होती. मी म्हटलं, लिही, हे पण लिही.

आणि उडाल्यानंतर? फुलपाखराचं पंखवालं आयुष्य दिवसांत मोजायचं, शिंप्याचं वर्षांत. म्हणजे लिंबाळीच्या आयुष्याचा मोठा भाग अळी आणि कोष म्हणूनच जातो, आपण मात्र फोटो फक्त शेवटच्या आठवड्याचा काढतो.

पायरी ८: एखादी अळी घरात वाढवायची असेल तर

एकच वाढवा, फार तर दोन. मोठी प्लास्टिकची बरणी, तोंडाला मच्छरदाणीचं कापड, तळाला कागद, आत एक उभी काडी. रोज ताजी कोवळी पानं, धुवून कोरडी केलेली. विष्ठा रोज काढा, नाहीतर बुरशी येते. कागदाखाली ओलं फडकं वगैरे काही नको, पावसाळी हवेत ओलावा आपोआप पुरतो.

पहिल्या चार अवस्थांत (अवस्था म्हणजे एक कात टाकण्यापासून पुढची टाकेपर्यंतचा टप्पा) अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, काळपट तपकिरी आणि मधे पांढरा पट्टा, ओलसर चमक सुद्धा तशीच. आमच्या घरातल्यांनी ती दोनदा घाण समजून टाकून दिली होती, त्यामुळे बरणीवर चिठ्ठी लावा. पाचव्या अवस्थेत एकदम हिरवी होते, पानातली पान. एकदाच, गवताच्या काडीने डोक्यामागे हलकेच स्पर्श करून बघा, दोन शिंगांसारखा नारिंगी-लाल अवयव झटकन बाहेर येतो आणि उग्र वास सुटतो. एकदाच म्हटलंय, पाहुणे आले की दाखवायचा खेळ नाही तो.

शेवटी अळी खाणं सोडते, पातळ विष्ठा टाकते आणि सैरावैरा फिरायला लागते. बऱ्याच जणांना वाटतं आजारी पडली, आणि बाहेर सोडतात. आजारी नाही, कोषाची जागा शोधतेय, तेव्हाच काडी लागते. हिरव्या पानांत कोष केला तर बहुधा हिरवा, वाळक्या काडीवर केला तर तपकिरी. कोषातून पंखांची नक्षी दिसायला लागली की दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर बघा. बाहेर आल्यावर पंख चुरगळलेले असतात, ते लोंबकळत ताठ व्हायला वेळ द्या, बोट लावू नका, मग त्याच झाडाजवळ सोडा.

पायरी ९: अळी वाचवायची की नाही

हा प्रश्न येणारच, म्हणून वेगळी पायरी केली. एक दिवस शिंपी लिंबावर आला, पानं उलटसुलट बघत फिरला, एक लहान अळी उचलली आणि बदामाकडे गेला. पोरगी ओरडली, हाकला त्याला! मी म्हटलं थांब, त्या बदामात काय आहे? ती गप्प झाली. आम्ही नोंद केली: ७:१२, लिंब, लहान अळी, घरट्याकडे. मोठ्या हिरव्या अळीला मात्र आम्ही शिंप्याने हात लावलेला बघितला नाही, त्याच्या मानाने ती फारच जाडजूड. ती एकदा बुलबुलने नेली.

म्हणजे बरणीत वाढवलेली एखादी सोडली तर झाडावरच्यांच्या भानगडीत पडायचं नाही, ना जाळी लावायची ना पक्षी हाकलायचा. अळ्यांमुळे झाड मरेल ही भीती पण मोठ्या झाडाबाबत सोडा, लिंबाला परत पालवी फुटते. रोप अगदी लहान असेल आणि सगळी पानं जायला लागली तर काही अळ्या उचलून दुसऱ्या मोठ्या लिंबावर ठेवा, फवारणी नको, फवारलेल्या अळ्याच शिंपी पिल्लांना भरवणार.

पायरी १०: वही कशी लिहायची

पानाच्या मधे उभी रेघ, डावीकडे शिंपी, उजवीकडे लिंबाळी, आणि वर तारीख, वेळ, हवा. दिसलं नाही तर "दिसलं नाही" असं लिहायचं, पान कोरं सोडायचं नाही, कारण महिन्याने कोऱ्या पानाचा अर्थ लागत नाही, तुम्ही बघितलंच नाही की तो आलाच नाही? ऐकू आलेलं आणि दिसलेलं वेगळं लिहा. लिंबाळीच्या रकान्यात आवाजाची जागा कायम रिकामी राहणार, तिथे आम्ही वास आणि रंग लिहायला लागलो, कारण शिंपी जोडीदाराला हाक मारून सांगतो ते ती रंगाने आणि वासाने सांगते.

फोटो आयनॅचरॅलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर टाकले तर पक्षी आणि फुलपाखरू दोन्ही एकाच ठिकाणी राहतात आणि जाणकार नाव तपासून देतात. ईबर्ड फक्त पक्ष्यांसाठी. घरट्याचा फोटो टाकताना जागा धूसर ठेवा.

घरात झाड नसलं तर सिद्धेश्वर वनविहार किंवा संभाजी तलावाचा काठ धरा, तिथे पावसानंतर ओल्या मातीवर फुलपाखरांचे नर क्षार शोषायला बसलेले दिसतात, तो एक मुद्दा अंगणात बघायला मिळत नाही. नान्नजला जायची गरज नाही, ते माळरान आहे, तिथे जायचं तर शिंप्याऐवजी चंडोल निवडा आणि त्याच्या जोडीला माळावरचं एखादं फुलपाखरू.

पोरीचं प्रोजेक्ट शेवटी ३४ पानांचं झालं, त्यातली ९ पानं "दिसलं नाही" ची. मॅडमनी ती काढून टाक म्हणून सांगितलं. तिने काढली नाहीत. आणि यावर्षी बदामाची ती फांदी तारेला लागते म्हणून तोडायची आहे, मी नोव्हेंबर संपेपर्यंत थांबवून ठेवलीय.